हरियालचा थवा गेला कुठे, आणि तो परत यावा म्हणून काय करायचं?

अकोल्याच्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांच्या वसाहतीच्या मागच्या कोपऱ्यात जुना पिंपळ आहे. गेली दोन वर्षं त्यावर हरियाल, म्हणजे आपला राज्यपक्षी असलेली हिरवी कबुतरं, येतात. यंदाही पंधरा-वीस पक्ष्यांचा थवा आला, आठ-दहा दिवस राहिला आणि एका सकाळी दिसेनासा झाला. इकडे कमिटीने एप्रिलमध्ये पिंपळाची मोठी छाटणी करायचं ठरवलंय, कारण फळं गाड्यांवर पडतात आणि ‘कबुतरं वाढली’ अशी काही जणांची तक्रार आहे. त्यांना जाणून घ्यायचंय की थवा कायमचा गेला का, गच्चीवर दाणे-पाणी ठेवलं तर येईल का, कोणती फळझाडं लावावीत, आणि ‘हरियाल बिया पसरवतो, जंगल वाढवतो’ असं सभेत सांगितलं तर चालेल का.

थवा गेल्याची काळजी करू नका, छाटणीची करा. वरवर हे चार वेगळे प्रश्न दिसतात, पण चारही एकाच ठिकाणी येऊन मिळतात. हरियाल एकट्या तुमच्या पिंपळावर राहत नाही. आसपासच्या काही किलोमीटरमधले वड, पिंपळ, उंबर, नांदरुक मिळून त्याचं घर होतं आणि तुमचा पिंपळ हा त्यातला एक मुक्काम आहे. म्हणून पक्ष्याला बोलवायचं कसं, यापेक्षा तो पुढच्या फेरीला येईल तेव्हा या मुक्कामावर खायला काही असेल का, हे बघायला हवं. मी विदर्भात देशी झाडांच्या लागवडीचं आणि पक्षीनोंदींचं काम करते. तुमची जागा मी पाहिलेली नाही, त्यामुळे जिथे उत्तर जागेवर अवलंबून आहे तिथे तसं स्पष्ट लिहिते.

आधी ओळख पक्की करून घेऊ, कारण सभेत पहिला वाद इथूनच सुरू होईल. हरियाल साधारण पारव्याएवढाच, ३० सेंटिमीटरच्या आसपास. डोकं राखाडी, मान आणि छाती पिवळसर हिरवी, खांद्यावर जांभळट डाग, मिटलेल्या पंखावर पिवळी रेघ. दुर्बिणीतून डोळा दिसला तर बुबुळाभोवती निळं आणि त्याबाहेर गुलाबी कडं दिसतं. सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे हळदीसारखे पिवळे पाय. आपल्या राज्यात सह्याद्रीच्या दाट जंगलात हिरव्या कबुतरांच्या आणखी जाती आहेत, पण त्यांचे पाय लालसर असतात. अकोल्यात पिंपळावर थव्याने येणारं हिरवं कबुतर हरियालच असणार, तरी पाय एकदा बघून घ्या.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. मोबाइलवर ‘आपला राज्यपक्षी’ म्हणून फिरणाऱ्या चित्रांत पुष्कळदा गुलाबी किंवा किरमिजी डोक्याचा, केशरी पोटाचा पक्षी असतो. तो हरियालचा लांबचा भाऊबंद. आग्नेय आशियापासून न्यू गिनी, ऑस्ट्रेलिया आणि प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंतच्या पावसाळी जंगलात फळांवर जगणाऱ्या रंगीत कबुतरांचा एक मोठा गट आहे, त्यात पन्नासहून अधिक जाती आहेत. ते पक्षी आपल्याकडे आढळत नाहीत. सभेत चित्र दाखवायचं असेल तर तुमच्या पिंपळावर तुम्ही काढलेलाच फोटो दाखवा, अंधुक आला असला तरी चालेल.

आता थवा का गेला ते बघू. वड, पिंपळ, उंबर यांचं आपण ज्याला फळ म्हणतो ते खरं तर आतून फुलांनी भरलेलं बंद भांडं असतं. त्याच्या टोकाला बारीक छिद्र असतं. त्यातून एक इवलीशी माशी आत शिरते. ही गांधीलमाशीच्या जातकुळीतली, पण आकाराने अगदी डासापेक्षाही लहान. आत ती परागीभवन करते, अंडी घालते आणि तिथेच मरते. तिची पिल्लं मोठी झाली की नव्या माद्या परागकण घेऊन बाहेर पडतात. त्यांच्याजवळ एखाद-दोन दिवसांचं आयुष्य असतं आणि तेवढ्यात त्यांना त्याच जातीचं, नेमकं योग्य अवस्थेतली कोवळी फळं असलेलं दुसरं झाड गाठायचं असतं. परिसरातले सगळे पिंपळ एकाच आठवड्यात पिकले असते तर या माद्यांना जायला जागाच उरली नसती, आणि माशी संपली की पिंपळाचं बीजही संपलं असतं.

म्हणून या झाडांची रीत ठरलेली दिसते. एका झाडावरची फळं जवळजवळ एकदमच पिकतात, पण शेजारचं झाड वेगळ्या वेळी पिकतं. एकाच रस्त्यावरच्या दोन पिंपळांपैकी एक लाल-जांभळ्या फळांनी लगडलेला आणि दुसरा कोरा, हे दृश्य तुम्हीही पाहिलं असेल. आंबा-जांभळासारखा सगळ्या गावाचा एक हंगाम इथे नसतो. जंगलात जेव्हा दुसरं काही पिकलेलं नसतं तेव्हाही कुठे ना कुठे एखादा वड किंवा उंबर पिकलेला सापडतो, तो यामुळेच, आणि हरियालसारखा पक्षी वर्षभर फळांवर जगू शकतो तोही यामुळेच.

तुमच्या पिंपळाचा बहर, म्हणजे फळं पिकण्याचा काळ, आठ-दहा दिवस चालला, संपला, आणि थवा पुढच्या झाडाकडे गेला. घडलं ते एवढंच. याच पिंपळाला पुन्हा बहर येईल, वर्षात एकदा की दोनदा ते झाडावर, पाण्यावर आणि त्या वर्षीच्या हवामानावर अवलंबून. तेव्हा थवा परत दिसेल, पण त्यासाठी बहर यायला हवा.

बहर चालू असताना हरियाल कसा खातो हे एकदा निवांत बघा, कारण छाटणीचं सगळं गणित त्यातून कळतं. सकाळी ऊन कोवळं असताना थवा आधी जवळच्या उंच झाडाच्या शेंड्यावर उघड्यावर येऊन बसतो. सगळे छाती उन्हाकडे करून बसतात, अजिबात हालचाल नाही. मोजायचे तर त्या वेळी मोजावेत. मग एकेक जण पिंपळात उतरतो आणि दिसेनासा होतो. हिरव्या पानांत हिरवं अंग इतकं मिसळतं की दहा पक्षी असले तरी झाड रिकामं वाटतं. कान द्या. वरून टप टप फळं पडत असतात, मधूनच एक लांबलेली, वळणं घेणारी शीळ ऐकू येते. ती पारव्याच्या घुमण्याहून अगदी वेगळी असते. नजर फांदीच्या टोकाशी न्या. तिथे एक डहाळी इतर डहाळ्यांपेक्षा जास्त वाकलेली दिसेल. पक्षी पोपटासारखा बारीक काटक्यांना धरून पुढे सरकतो, मान ताणून, प्रसंगी डोकं खाली करून टोकाचं फळ चोचीत पकडतो, झटका देऊन तोडतो आणि अख्खं गिळतो. पिंपळाचं, नांदरुकाचं लहान फळ त्याला असं सहज गिळता येतं. उंबराचं मोठं फळ टोचून खावं लागतं. खालून कोणी टाळी वाजवली तर आधी सगळे थिजतात, आणि मग पंखांचा फडफडाट करत एकदम बाहेर पडतात. तेव्हा आपल्याला कळतं की झाडात किती होते.

या पाहण्यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. त्याचं अन्न बारीक डहाळ्यांच्या टोकाशी आहे, आणि त्याला घनदाट पानांचा आडोसा लागतो.

दाणे-पाण्याचा प्रश्न इथेच सुटतो. हरियाल ज्वारी-बाजरी खायला गच्चीवर येत नाही. दाणे ठेवलेत तर पारवे येतील, पुष्कळ येतील, आणि तुमच्या कमिटीची कबुतरांविरुद्धची तक्रार खरी ठरेल. पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ सतत श्वासात गेली तर काही जणांना फुप्फुसाचा आजार जडतो, त्यामुळे ती तक्रार मी हलकी मानत नाही. पण तिचा हरियालशी संबंध नाही. हरियाल खिडकीच्या सज्जावर, एसीच्या खोक्यामागे, जिन्यात कधी घरटं करत नाही. तो झाडावरच राहतो, झाडावरच निजतो. सभेत हा फरक पहिल्यांदा आणि शांतपणे सांगा. अर्धा विरोध तिथेच मावळतो असा माझा अनुभव आहे.

पाण्याचं भांडं ठेवायला हरकत नाही, बुलबुल आणि मैनांना उपयोग होईल. हरियालला बरंचसं पाणी फळांतूनच मिळतं. तो जमिनीला पाय लावत नाही, पायात काडी धरूनच खाली उतरतो, असं आपल्याकडे जुनी माणसं सांगतात. तो पक्का झाडावरचा पक्षी आहे हे त्यातलं खरं निरीक्षण. मात्र पाण्यासाठी किंवा खारट मातीसाठी तो अधूनमधून खाली उतरतो. ओढ्यावर झुकलेल्या फांदीवरून खाली वाकून पाणी पिण्याला तो जास्त पसंती देतो.

आता तुमचा बीजप्रसाराचा मुद्दा. तो सभेत मांडू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. फळ खाणारा प्रत्येक पक्षी बी पेरतो असं आपण सरसकट बोलतो, पण हरियालच्या बाबतीत ते बहुतांशी खरं नाही. पक्ष्यांच्या पोटात जठराचा एक दळणारा भाग असतो, त्याला पेषणी म्हणतात. हरियालची पेषणी जाड, बळकट स्नायूंची असते. पिंपळाच्या फळातल्या खसखशीएवढ्या बिया तिच्यात दळल्या जातात आणि त्यांतलं पोषण पक्ष्याला मिळतं. काही बिया सुटतात, पण बहुतेक मरतात. मघाशी सांगितलेल्या न्यू गिनी-ऑस्ट्रेलियाकडच्या रंगीत फळकबुतरांचं याच्या उलट आहे. त्यांची पेषणी पातळ असते, गर पचतो आणि बी अखंड बाहेर पडतं, म्हणून तिथल्या जंगलात ती खरोखर झाडं पेरणारी कबुतरं आहेत. दोघांचे रंग सुंदर, दोघांचं खाणं तेच, पण जंगलाला मिळणारं देणं वेगळं. आपल्याकडे पिंपळाच्या बिया पसरवण्याचं काम बुलबुल, कोकीळ, मैना, तांबट, कावळे आणि फळं खाणारी वटवाघळं करतात, जंगलात धनेश करतो.

याने तुमची बाजू लंगडी होईल असं वाटत असेल तर जरा थांबा. कमिटीतले कोणी ना कोणी म्हणणारच की हे पक्षी फळं खाऊन भिंतीत, टाकीजवळ पिंपळ उगववतात. त्याला हेच उत्तर आहे. भिंतीतलं रोप हरियालमुळे उगवण्याची शक्यता फार कमी, कारण तो बी दळून टाकतो. बुलबुल आणि मैना तुमच्या पिंपळाशिवायही वसाहतीत असणारच आहेत आणि बी कुठूनही आणणार आहेत. भिंतीतली रोपं दर पावसाळ्यात लहान असतानाच काढून टाकावीत, हा त्यावरचा उपाय. पिंपळ छाटून ती थांबत नाहीत.

हरियालला राखायचं कारण तो आपल्यासाठी काहीतरी करतो हेच असायला हवं, असं मला वाटत नाही. तो महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे. त्याला मारणं, पकडणं, पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. सभेत कोणाला पटवायला हे पुरेसं वजनदार आहे. माझ्यापुरतं म्हणाल तर, पानांआडून ती शीळ ऐकू आली की दुसरं कारण लागत नाही.

आता छाटणी. सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या.

पहिला मुद्दा वेळेचा. हरियालची वीण मुख्यतः मार्च ते जून. घरटं म्हणजे चार काटक्यांचा विरळ थर, इतका विरळ की कधी कधी खालून अंडी दिसतात. अंडी बहुधा दोन, पांढरी. नर-मादी आळीपाळीने बसतात आणि पिल्लांना सुरुवातीला सगळ्या कबुतरांप्रमाणे गळ्याच्या पिशवीत तयार होणारं दाट दूध भरवतात. आणि आपल्या गावोगावच्या पावसाळ्यापूर्वीच्या छाटण्या होतात एप्रिल-मेमध्ये. म्हणजे नेमक्या घरट्यांच्या काळात कुऱ्हाड चालते. खरोखर वाळलेली, गाड्यांवर किंवा मुलांवर पडेल अशी फांदी असेल तर ती पावसाळ्याआधी काढावीच लागते, तिथे मी अडून बसायला सांगणार नाही. पण ती एक फांदी, नीट पाहून, घरटं नसल्याची खात्री करून. बाकीची छाटणी पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात ढकलता येते का ते बघा. ती ढकलल्याने कमिटीचं काही अडत नाही.

दुसरा मुद्दा कुठे छाटायचं याचा. पिंपळ, वड, नांदरुक यांची फळं डहाळ्यांवर, पानांच्या बगलेत धरतात. त्यांचं मुंडण केलं, म्हणजे सगळ्या फांद्या अर्ध्यावर तोडून खुंट ठेवले, की फळ धरणारा भागच नाहीसा होतो. नंतर जे जोरकस सरळ फुटवे येतात त्यांच्यावर पानं भरपूर येतात, पण पहिल्यासारखा बहर यायला काही वर्षं जातात. शिवाय हे फुटवे खुंटाच्या कडेला कच्चे चिकटलेले असतात आणि वादळात तेच आधी तुटतात. म्हणजे धोका कमी करायला केलेल्या छाटणीने धोका वाढतो. उंबराची गोष्ट वेगळी, त्याची फळं खोडावर आणि जाड फांद्यांवर घोसाने लागतात, त्यामुळे टोकाकडून हलकी छाटणी त्याला तेवढी मारक ठरत नाही. तुमचं झाड पिंपळ असल्याने नियम कडक ठेवा. गाड्यांच्या वर आलेल्या खालच्या एक-दोन फांद्या मुळापासून काढा, शेंड्याला हात लावू नका.

फांदी मुळापासून काढायची म्हणजे खोडाला चिकटून सपाट करायची असं नाही. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर वळी असते. कापणी त्या वळीच्या लगेच बाहेर व्हायला हवी, म्हणजे झाड जखम स्वतः बुजवतं. जड फांदी असेल तर आधी थोडी पुढे खालून अर्धवट चीर द्यावी, मग त्याच्या जराशी बाहेर वरून कापून वजन उतरवावं, आणि शेवटी उरलेला खुंट वळीजवळ कापावा. नाही तर फांदी पडताना खोडाची साल सोलत खाली येते. कापणाऱ्या माणसाला हे आधी सांगा आणि काम चालू असताना समोर उभे राहा.

तिसरा मुद्दा परवानगीचा. शहरात झाड तोडायलाच परवानगी लागते, फांद्या छाटायला नाही, असा समज सर्रास आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ मध्ये ‘झाड तोडणे’ याच्या व्याख्येत झाड जाळणं, कोणत्याही प्रकारे इजा करणं हेही येतं. त्यामुळे मोठ्या छाटणीआधी महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला हेरिटेज वृक्ष मानतात, आणि झाड तोडण्याची वेळ आलीच तर त्याच्या वयाइतकी झाडं लावण्याची अट आहे. तुमचा पिंपळ तेवढा जुना असेल तर ही बाब अर्जात लिहा. वसाहत बांधली तेव्हा झाड केवढं होतं हे सांगणारी जुनी माणसं किंवा जुने फोटो असतील तर ते जोडा.

गाड्यांवर पडणाऱ्या फळांबद्दल मी कमिटीला दोष देत नाही. पिंपळाची पिकलेली फळं चिकट असतात, वर पक्ष्यांची विष्ठा, रोज गाडी धुवावी लागते. पण एका झाडाचा बहर दोनेक आठवड्यांत आटोपतो. तेवढे दिवस त्या कोपऱ्यातल्या गाड्या दुसरीकडे लावता आल्या, किंवा त्या चार जागांवर ताडपत्री ताणली, तर प्रश्न उरत नाही. माझा सल्ला असा की बहर कधी सुरू झाला आणि कधी संपला याच्या तारखा लिहून ठेवा आणि सभेत त्या कागदासकट बोला. ‘वर्षभर त्रास’ असं म्हणणाऱ्याला तारखा दाखवल्या की बोलणं जमिनीवर येतं.

आता लागवड. ‘कोणती फळझाडं लावू’ याला ठरलेली यादी माझ्याकडे नाही, कारण ते तुमच्या आसपास काय आहे आणि कोणत्या महिन्यांत काय पिकत नाही यावर ठरतं. आधी नोंद करा. घरापासून चहूकडे दीड-दोन किलोमीटर चालून जा आणि प्रत्येक वड, पिंपळ, उंबर, नांदरुक, पायर नकाशावर टिपा. देवळाचे पार, शाळेची मैदानं, रेल्वेची हद्द, नाल्याचे काठ, स्मशानभूमी, सरकारी बंगल्यांची आवारं, हमरस्त्याच्या कडा या जागा चुकवू नका. मोठी जुनी झाडं आता तिथेच उरली आहेत. मग महिन्यातून एकदा तीच फेरी मारा आणि प्रत्येक झाडापुढे लिहा की कोरं, कच्ची फळं की पिकलेली. वर पाहून कळलं नाही तर झाडाखाली पाहा. चुरडलेली फळं, मुंग्या, माशा आणि वर तांबट-मैनांचा गोंगाट असेल तर झाड पिकलेलं आहे. एका वर्षात तुमच्या हाती परिसराचं पंचांग येतं. त्यात कोणता महिना कोरा आहे ते दिसतं, आणि तुमचा थवा इथून कुठे जातो तेही बहुतेक वेळा सापडतं.

मग झाड निवडायचं ते त्या कोऱ्या महिन्याकडे पाहून. परिसरात पिंपळच पिंपळ असतील तर आणखी पिंपळ लावण्यापेक्षा उंबर किंवा नांदरुक लावणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं, कारण जाती वेगवेगळ्या असल्या की फळांचा पुरवठा जास्त पसरतो. उंबराला पाण्याची जवळीक मानवते, नाल्याकाठी तो जोमाने वाढतो. नांदरुक रस्त्याकडेला चांगला तग धरतो. पायर आणि पिपरी ही नावं भागाभागात अदलाबदल होऊन वापरली जातात, तेव्हा रोपवाटिकेतून घेताना मूळ झाड कुठलं ते विचारा. बोर आणि जांभूळ हरियाल आवडीने खातो, पण त्यांचा हंगाम ठरलेला असतो. जोडीला लावा, मुख्य आधार म्हणून नको. आणि कुंपणाला लावलेले, महिन्या-महिन्याला कातरून गोल केलेले शोभेचे फायकस (वड-पिंपळाचीच भावंडं) यात धरू नका, त्यांच्यावर फळ धरायला डहाळीच शिल्लक राहत नाही.

वड लावायचा असेल तर पावसाळ्याच्या तोंडाशी मनगटाएवढ्या जाडीची, माणसापेक्षा उंच फांदी लावता येते. गुरांच्या तोंडातून वाचते आणि मोठ्या झाडाची फांदी असल्याने बीपासूनच्या रोपापेक्षा लवकर फळावर येते. पिंपळासाठी रोपवाटिकेत जायची गरजही नाही. पावसाळ्यात भिंतीतून काढलेलं रोप मुळांसकट निघालं तर पिशवीत लावा, वर्षभर सांभाळा, मग योग्य जागी हलवा.

योग्य जागा हा कळीचा शब्द. ही झाडं इमारतीला, पाण्याच्या टाकीला, सांडपाण्याच्या नळीला चिकटून लावू नका. मी दहा-बारा मीटर तरी अंतर धरते, वडाला त्याहून जास्त. वसाहतीत तेवढी मोकळी जागा नसेल तर तिथे नवीन झाड नकोच. जवळची शाळा, नाल्याचा काठ, देवस्थानची जमीन अशी जागा शोधा आणि तिथल्या लोकांना विचारून लावा. थव्याला ते झाड तुमच्या आवारात आहे की शाळेच्या, याने फरक पडत नाही. मोठ्या काचेच्या भिंती असलेल्या इमारतीसमोरही लावू नका. हरियाल वेगाने, सरळ उडतात आणि काचेत दिसणाऱ्या झाडाच्या प्रतिबिंबावर जाऊन आदळतात. असा आदळलेला पक्षी सापडला तर त्याला छिद्रं असलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. तोंडात पाणी किंवा दाणे घालू नका आणि वनविभागाला कळवा.

नवीन झाड फळावर यायला कित्येक वर्षं लागतात, आणि म्हणून आहे तो पिंपळ टिकवणं हे आजचं काम, लागवड पुढचं. तेव्हा क्रम असा लावा: पहिल्यांदा एप्रिलची छाटणी थांबवणं किंवा वाळक्या फांद्यांपुरती मर्यादित करणं, त्याबरोबर बहराच्या तारखांची नोंद आणि गाड्यांची सोय, आणि परिसराची फेरी येत्या महिन्यापासूनच. लागवड पुढच्या पावसाळ्यात, पंचांग थोडं तरी भरल्यावर.

मला अजून काही गोष्टी कळल्या तर जास्त नेमकं सांगता येईल. पिंपळाच्या खोडाचा घेर छातीच्या उंचीला किती आहे, तो इमारतीपासून किती अंतरावर आहे, याआधी त्याची छाटणी झाली होती का आणि केव्हा, थवा पहिल्यांदा दिसला ती तारीख, आणि आत्ता झाडावर एखादी जोडी वारंवार एकाच फांदीकडे काटकी घेऊन जाताना दिसते का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर कमिटीची सभा होण्याआधीच वृक्ष अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि त्या फांदीचा दुरून काढलेला फोटो सोबत जोडा.